केशवाणिज्य : निषिद्ध व्यापाराची जुनी आणि नवी वाट

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगलीकडील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याची वाट धरतात. अंबरखान्याची कोठारे पाहावीत, तीन दरवाज्याच्या सावलीत घटकाभर विसावावे, सज्जाकोठीतून खालचे खोरे न्याहाळावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून घरी परतावे, असा हा ठरलेला क्रम. कोल्हापुरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील हा गड शिलाहारांच्या काळापासून दक्षिण महाराष्ट्राच्या राजकारणाचे एक केंद्र राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे.

गडावरचे वाटाडे १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा रंगवून सांगतात. शिवा काशीदचे बलिदान, विशाळगडाकडची पावसाळी रात्र, बाजीप्रभूंची झुंज हे सारे ऐकताना लहान मुले श्वास रोखून उभी राहतात. या कथेतील एक व्यापारी प्रकरण मात्र घाईने संपवले जाते. राजापूरच्या वखारीतील इंग्रज हेन्री रेव्हिंग्टनसह तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या छावणीत आले आणि आपले निशाण लावून गडावर मारा करू लागले. इंग्रज कंपनीचे शिवाजी महाराजांशी वैर नव्हते. गोळ्यांना गिऱ्हाईक मिळाले, एवढेच कारण. मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखारीतील इंग्रजांना कैद केले आणि ते सुटले १६६३ मध्ये. आपण केवळ व्यापारी आहोत, हा त्यांचा बचाव मान्य झाला नाही. विकलेला माल कोणाच्या हाती आणि कशासाठी जातो, याचा जाब विकणाऱ्यालाही द्यावा लागतो, हा त्या कैदेचा अर्थ होता.

सोळा वर्षांनी हाच विचार एका वेगळ्या मालाला लागू झाला. तो माल म्हणजे माणूस.

विजापूरची एक फौज पन्हाळ्याभोवती बसली होती त्याच सुमारास आदिलशाहीच्या दुसऱ्या फौजांनी दूर तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला होता. शेते जळाली, दुष्काळ पडला. भुकेने व्याकूळ झालेल्या आईबापांनी मुले विकली, कित्येकांनी स्वतःलाच विकले. किनाऱ्यावर डच कंपनीच्या वखारी होत्या आणि कंपनीला श्रीलंका व बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथील कामांसाठी माणसे हवी होती. हजारो स्त्रीपुरुष जहाजांत भरून नेले गेले. कापडाच्या गाठी आणि माणसे एकाच बंदरातून, एकाच कंपनीच्या वह्यांत नोंद होऊन बाहेर पडत.

१६७७ च्या दक्षिण दिग्विजयात जिंजीचा प्रदेश शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. नव्या राजाकडून जुन्या सवलती कायम करून घ्याव्यात म्हणून डचांचा प्रतिनिधी हर्बर्ट द यागर त्यांच्या भेटीस गेला. ऑगस्ट १६७७ मध्ये कंपनीला कौल मिळाला. त्याचा डच अनुवाद कंपनीच्या दफ्तरात जपला गेला, म्हणूनच तो आज वाचता येतो. जकातीच्या सवलतींबरोबर त्यात एक कलम असे आहे की, पूर्वीच्या मुसलमानी अमलात येथे स्त्रीपुरुष गुलाम विकत घेण्यास व घेऊन जाण्यास कंपनीला मोकळीक होती. आता या मुलखावर आपली सत्ता आहे तोवर गुलाम खरेदी करता येणार नाहीत आणि नेताही येणार नाहीत. तरीही ते जहाजावर चढवू पाहिल्यास महाराजांची माणसे सर्व प्रकारे अडवतील. आणि त्यांना परत वखारीतही घेऊ दिले जाणार नाही.

या शेवटच्या अटीपाशी व्यापारी वाचकाने थांबावे. माल बंदरावर अडला तर तो परत गोदामात ठेवायचा आणि पहारा सैल होताच पुन्हा काढायचा, ही युक्ती कोणत्याही काळातील व्यापाऱ्याला ठाऊक असते. कौल लिहिणाऱ्यालाही ती ठाऊक होती. म्हणून खरेदी, वाहतूक आणि साठवण या तिन्ही टप्प्यांवर बंदी घातली गेली.

पुढे १६८४ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी मुंबईच्या इंग्रजांशी केलेल्या तहातही आपल्या राज्यातील माणसे गुलाम करण्यासाठी विकत घेऊ नयेत, अशी अट घातली. वडिलांच्या निधनाची वार्ता ज्यांना पन्हाळ्यावर असताना मिळाली, तेच हे संभाजी महाराज. हा तह ज्याच्याशी झाला तो कॅप्टन कीगविन तेव्हा स्वतःच कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई बळकावून बसला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते बंड मिटले. करार करणारा समोरचा पक्षच टिकाऊ नसेल तर उत्तम कलमेही कागदावर राहतात. ही अडचण पुढे आपल्याला आणखी एका सीमेवर भेटणार आहे.

गौरवाच्या भरात दोन गोष्टी लपवू नयेत. पहिली, ही बंदी माणसे परदेशी नेण्यावर होती; देशातल्या देशात दासदासी ठेवण्याची चाल त्यामुळे संपली नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आढळतात. दुसरी, एका राजाने आपला किनारा बंद केला तेव्हा डचांनी मदुरेच्या किनाऱ्यावर आणि मलबारात माणसे घेणे चालूच ठेवले. कोचीनहून तर अठराव्या शतकातही गुलाम जात होते. एका दाराला कुलूप लागले की हा व्यापार शेजारच्या दारातून निघतो. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही, तोवर कुलपांचा उपयोग अर्धाच.

पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. फारच थोडे प्रवासी तिच्याकडे वळतात. पन्हाळा राजधानी असलेल्या कोल्हापूरच्या गादीसाठी त्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात साहुकारांना राज्याची शोभा म्हटले आहे आणि टोपीकरांपासून सावध राहण्यास सांगितले आहे. व्यापाऱ्याविषयी आदर आणि व्यापाऱ्याविषयी सावधपणा एकाच लेखणीतून उतरला, याचे आश्चर्य वाटू नये. राजापूरच्या वखारीची आठवण त्या पिढीत ताजी होती.

श्रावकाची पंधरा कर्मादाने

राजाने व्यापाऱ्यावर घातलेली बंधने आपण पाहिली. व्यापाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली बंधने त्याहून जुनी आहेत, आणि ती या मासिकाच्या वाचकांच्या घरातलीच आहेत.

उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या कथेत पंधरा कर्मादाने, म्हणजे श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे, सांगितले आहेत. प्रतिक्रमणात ही नावे उच्चारली जातात. पण अंगारकर्म म्हणजे कोळशाचा धंदा, वनकर्म म्हणजे जंगलतोड, येथवर अर्थ लागतो आणि पुढची नावे नुसतीच म्हटली जातात. त्यांतील एक केशवाणिज्य. ऐकणाऱ्यास वाटते, केसांचा किंवा लोकरीचा व्यापार असावा. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ नि:संदिग्धपणे दिला आहे: द्विपाद आणि चतुष्पाद जीवांची विक्री. द्विपादांत माणूस आला. यादीतील पंधरावे नाव असतीपोषण. पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा पैशासाठी पाळण्याबरोबरच धनप्राप्तीसाठी दासी पोसणे, असा त्याचा अर्थ हेमचंद्र देतात. दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही या निषिद्ध व्यवसायांचा विचार आला आहे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत ते तर जणू आजच्या सीमाशुल्क खात्याने लिहावेत असे आहेत. चोरास प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, आणि तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याने घातलेली बंदी ओलांडून व्यवहार करणे. चोरट्या वाटेने सीमा ओलांडण्याच्या धंद्याला याहून नेमके नाव शोधूनही सापडणार नाही.

येथेही प्रामाणिकपणा हवा. त्याच तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाच्या वस्तूंत शेत, घर, सोने, धान्य यांच्या पंक्तीला दासीदासही आहेत. त्या काळच्या श्रावकाच्या घरात दास असत. व्रत त्यांची संख्या मर्यादित करण्याचे होते. मात्र दास ठेवणे आणि दासांचा व्यापार करणे यांत आचार्यांनी रेघ ओढली आणि व्यापार निषिद्धांत टाकला. ही रेघ पुरेशी होती काय, हा प्रश्न आजच्या वाचकाने अवश्य विचारावा.

कामाठीपुऱ्यातून काठमांडूकडे

१८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही. तोवर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे गिरमिटियांची जहाजे सुरू झाली होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील आणि घाटावरील मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. गिरमिट म्हणजे करार. त्यावर अंगठा होता, पगार लिहिलेला होता. नव्हती ती गावात भरती करणाऱ्या दलालाने काय सांगितले याची नोंद. यावर देखरेखीसाठी इंग्रज सरकारने उत्प्रवासी संरक्षक हे पद निर्माण केले. गिरमिट १९१७ मध्ये बंद पडले, पण ते पद आजही आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईनेच शेजारी देशांतील सहकार्याची पहिली मोठी कसोटी पाहिली. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी कामाठीपुरा परिसरातील कुंटणखान्यांवर छापे घालून चारशेहून अधिक मुलींची सुटका केली. त्यांतील दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. सुटका झाली, पुढे काय? निरीक्षणगृहांत जागा नव्हती. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास कचरत होते. नागरिकत्वाचा पुरावा मागितला जात होता, आणि ज्या मुलीला दहाव्या-बाराव्या वर्षी गावातून पळवले, तिच्याजवळ कोणता पुरावा असणार? काही महिन्यांनी नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांच्या पुढाकाराने शंभरहून अधिक मुली काठमांडूला पोहोचल्या. त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येऊन ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. पीडितांनीच चालवलेल्या या संस्थेला २०१३ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडूतच सार्क देशांनी स्त्रिया व बालकांच्या तस्करीविरुद्धच्या करारावर सह्या केल्या. शेजाऱ्यांनी पीडितांना परत पाठवण्याची आणि तपासात एकमेकांना मदत करण्याची जबाबदारी घेतली. करार मोलाचा, पण तोकडा. वेश्याव्यवसायासाठी होणारी तस्करी तेवढी त्यात येते. वीटभट्टीवर, कारखान्यात किंवा संगणकापुढे डांबलेला पुरुष त्याच्या व्याख्येत बसत नाही. शिवाय २०१४ नंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००० मध्ये पालेर्मो येथे मांडलेले दोन मसुदे अधिक व्यापक आहेत. भारताने ते मे २०११ मध्ये स्वीकारले. दोन मसुदे वेगळे का, हे समजून घेण्याजोगे आहे. एखादा तरुण स्वखुशीने दलालाला पैसे देऊन चोरट्या वाटेने, आजच्या बोलीत ‘डंकी’ मारून, परदेशात शिरतो, तेव्हा ती माणसांची चोरटी वाहतूक. सीमा ओलांडली की दलालाशी व्यवहार संपला, गुन्हा राज्याविरुद्ध. मानवी तस्करीत मात्र सीमा ओलांडल्यावरच खरा व्यवहार सुरू होतो. फसवून, धाकाने किंवा कर्जात अडकवून माणसाकडून कमाई केली जाते. गुन्हा त्या माणसाविरुद्ध. पहिल्या प्रकाराने निघालेला प्रवासी वाटेत दुसऱ्यात केव्हा गेला, हे त्याला स्वतःलाही उशिरा कळते. तस्करीच्या व्याख्येत भरती, वाहतूक, हस्तांतर, आसरा देणे आणि स्वीकारणे असे टप्पे सांगितले आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ हाच विचार घेऊन आले आहे. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कौलातील खरेदी, जहाज आणि वखार येथे पुन्हा भेटतात.

मोई नदीच्या पलीकडे

गेल्या काही वर्षांत या व्यापाराने वेगळेच गिऱ्हाईक शोधले: शिकलेला, इंग्रजी येणारा, संगणक हाताळणारा मध्यमवर्गीय तरुण. थायलंडमध्ये माहिती भरण्याचे किंवा डिजिटल मार्केटिंगचे काम, चांगला पगार, राहण्याची सोय, असा निरोप समाजमाध्यमावर येतो. भारतीयांना थायलंडसाठी आगाऊ व्हिसाही लागत नाही. बँकॉकला उतरल्यावर मोटारीने म्यानमार सीमेवरील माए सोतपर्यंत प्रवास, तेथून लहानशी मोई नदी ओलांडून म्यावाड्डी. पलीकडे उंच कुंपणांच्या वसाहती, सशस्त्र पहारेकरी. पासपोर्ट काढून घेतला जातो. काम एकच: दूरदेशीच्या माणसाशी गोड बोलून, प्रेमाचे वा गुंतवणुकीचे आमिष दाखवून त्याची पुंजी लुबाडणे. नकार दिल्यास मारहाण; सुटका हवी तर खंडणी.

व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना बनावट शेअर गुंतवणुकीचे जे फोन येतात, त्यांतील काही आवाज अशाच कैद्यांचे असू शकतात. लुबाडणारा आणि लुबाडला जाणारा असे दोघेही एकाच टोळीचे बळी, हे या धंद्याचे अभूतपूर्व रूप होय.

सहकार्याचे कागद येथेही कमी नाहीत. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेल्या बाली प्रक्रियेत भारत आहे, म्यानमार व थायलंडही आहेत. पण ती चर्चेची बैठक, तिचे निर्णय बंधनकारक नाहीत. मेकाँग खोऱ्यातील सहा देशांनी २००४ मध्ये आपसांत करार केला. भारताने कंबोडियाशी २०१८ मध्ये आणि म्यानमारशी २०२० मध्ये तस्करीविरोधी सामंजस्य करार केले. तथापि म्यावाड्डीच्या परिसरात सत्ता चालते ती सशस्त्र गटांची. म्यानमारच्या राजधानीत झालेली सही नदीकाठापर्यंत पोहोचत नाही. कीगविनच्या तहाची गत ती हीच.

मग वसाहतींवर पहिला मोठा आघात कशाने झाला? विजेच्या बटणाने. त्यांना वीज, इंधन आणि इंटरनेट सीमेपलीकडून, थायलंडमधून, विकत मिळत होते. चीनच्या दबावानंतर ५ फेब्रुवारी २०२५ रोजी थायलंडने हा पुरवठा तोडला. त्यानंतरच्या आठवड्यांत निरनिराळ्या देशांच्या सुमारे सात हजार लोकांना बाहेर काढण्यात आले. १० मार्च रोजी २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६, असे एकूण ५४९ भारतीय वायुसेनेच्या विमानांनी माए सोतहून परत आले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका घडवून आणल्याचे सांगितले आणि भरती करणाऱ्या दलालांना अटक केली. वसाहती मात्र जनित्रे आणि उपग्रहाच्या इंटरनेटवर चालत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये केके पार्क या वसाहतीवर छापे पडले, तेव्हा शेकडो भारतीय पुन्हा नदी ओलांडून थायलंडमध्ये धावले आणि नोव्हेंबरमध्ये वायुसेनेला पुन्हा विमाने पाठवावी लागली.

वीज, डिझेल, इंटरनेट विकणाऱ्यांपैकी कोणीही माणूस विकला नव्हता. त्यांनी देयके पाठवली आणि वसूल केली. राजापूरच्या वखारीनेही गोळेच विकले होते.

हीच साखळी आपल्या पेठेपर्यंत येते. फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी टोळ्यांना बँकेची खाती लागतात. थोड्या कमिशनवर चालू खाते ‘वापरायला’ मागणारा ओळखीचाच कोणी असतो. सीमेपलीकडून आणलेल्या मुलीला रात्रभर ठेवण्यासाठी लॉज लागतो, नेण्यासाठी गाडी लागते, खोटा भाडेकरार लागतो. आपल्या गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर मुकादमाने आणलेल्या कुटुंबाची उचल किती आणि ती फिटते कधी, हा प्रश्न मालकाने मुकादमावर सोपवून मोकळे व्हावे काय? वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तिला देशाची सीमा ओलांडावी लागत नाही.

परदेशी नोकरीबाबत एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावीहून कमी शिकलेल्यास आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. करार तपासला जातो. दहावी झालेल्यास ती लागत नाही. म्हणजे अशिक्षित गवंड्याचे कागद सरकार पाहते आणि वाणिज्य पदवीधर मुलाचे कोणीच पाहत नाही. ते पाहण्याचे काम मग घरच्यांवर येते. पर्यटक म्हणून जाऊन नंतर कामाचा परवाना देऊ, असे सांगितले गेले तर तेथेच थांबावे. नोकरी लावून देणारा एजंट विदेश मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी पाहता येते. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. नोंदणीकृत एजंटास सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर, यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. लाख-दोन लाख रोख मागून पावतीचे नाव न काढणारा माणूस घरी आला, तर पिढ्यान्पिढ्या खतावण्या लिहिणाऱ्या घराने आधी ती पावती मागावी.